ठासणीची बंदूक घासावी का?

दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंवर संक्रांतच. माळे उतरतात, पितळेच्या डब्यांना चिंच लागते, आणि जी वस्तू घासूनही चकाकत नाही ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. या सदरात आजवर समया, अडकित्ते, पानाचे डबे यांची विचारपूस झाली. यंदा जरा दणदणीत वस्तू घेऊ.

आमच्या मेहुण्यांच्या राजापूरकडच्या घरी एक ठासणीची बंदूक आहे. शेतीच्या रक्षणासाठी तिचा रीतसर परवाना असून तो मेहुण्यांच्या काकांच्या, म्हणजे आप्पांच्या, नावावर आहे. भातात डुकरे शिरली की आप्पा नुसता बार काढीत. डुकरे पळत आणि वाडीतले निम्मे लोक जागे होत. आता आप्पा चौऱ्याऐंशीचे झाले. खांद्याला दणका सोसत नाही. "परवाना तुझ्या नावावर करून घे, नि ने ही पुण्याला," असे ते पुतण्याला म्हणाले मात्र, मेहुण्यांच्या डोळ्यांपुढे दिवाणखान्याची भिंतच उभी राहिली. एका कारागिराशी त्यांचे बोलणेही झाले. नळी आरशासारखी करायची, मोडका दस्ता काढून सागवानी बसवायचा, पितळ झळझळीत करायचे. गणपतीत मी तिकडे गेलो तेव्हा त्यांनी मला विचारले, "काय हो, करून टाकू ना नवीकोरी?"

मी म्हटले, आधी ती रिकामी आहे का ते पाहू. "रिकामीच आहे!" असे घरातली चार माणसे एकदम म्हणाली. पण ठासणीच्या बंदुकीत काय आहे ते मागून उघडून पाहता येत नाही. तोंडातून गज आत सोडायचा, तोंडाशी आला तेथे खूण करायची, आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहायचा. रिकाम्या बंदुकीत गजाचे टोक टोपी बसते त्या जागेपर्यंत पोचते. आमचा गज चार बोटे अलीकडेच थांबला. दोन पावसाळ्यांपूर्वी ठासलेला बार तसाच आत होता! काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. पुढचे काम घरी करण्याचे नव्हे. परवाना असलेल्या बंदूक-कारागिराने आधी पाणी घातले (दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, मग ती मेली) आणि नंतर स्क्रूच्या टोकाच्या गजाने बोळा उपसून काढला. ज्या घोड्याशी नातवंडे खेळत होती त्याच्याकडे मग कोणी बघेना.

नंतर बंदूक उजेडात आणली. घोड्याखालच्या पोलादी पाटीवर मुकुट आणि १८६० हे साल. नमुना १८५३ च्या एनफील्डचा, ३९ इंचांची नळी, तिला तीन कड्या. मूळ एनफील्ड रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणारे तीन आटे असत. तिच्या काडतुसाचा कागद दाताने फाडावा लागे, आणि त्यावरच्या चरबीने १८५७ साली काय पेटवले ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. आमच्या बंदुकीत बॅटरी धरून पाहिले तर नळी गुळगुळीत! उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी मुद्दाम बिनआट्यांच्या नळ्या करवल्या. शिपायाची गोळी फार लांब जाऊ नये, हा हेतू. अर्थात पुढे छर्रे मारण्यासाठी गावठी कारागिरांनीही आटे कातून टाकलेल्या बंदुका असतात. यातले खरे काय, ते जाणकाराला नळीची जाडी आणि आतल्या खुणा पाहून सांगता येईल. पण आतून कानस फिरली की त्यालाही सांगता येणार नाही.

आणि तो मोडका दस्ता! मनगटाएवढ्या जागी तो चिरलेला, आणि भोवती एक ओबडधोबड लोखंडी पट्टी. आप्पांच्या वडिलांनी अंगावर आलेल्या डुकराला बंदुकीच्या दस्त्याने हाणले तेव्हा तो मोडला. वाडीतल्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव तापवून ही पट्टी बसवली. कारागिराच्या हिशेबात ती पहिल्याने जाणार होती. मेहुण्यांना मी एवढेच म्हटले, "भाऊजी, या नमुन्याच्या बंदुका हजारोंनी निघाल्या. नवा दस्ता घालून तुम्ही कारखान्याची बंदूक परत कराल आणि तुमच्या आजोबांची टाकून द्याल."

मग करायचे काय? फार थोडे. लाल, भुकटीसारखा गंज चालता असतो. तो तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने हळूहळू उतरवावा. तपकिरी-काळी, घट्ट बसलेली झाक असते ती राहू द्यावी. पॉलिशकागद, आम्ल आणि आपली ती चिंच, तिन्ही वर्ज्य. लाकडाला रंधा नको, आणि जवसाचे तेलही नको. ते कालांतराने काळे पडून चिकट होते. शेवटी मेणाचा पातळ हात. चामड्याच्या खोळीत तर ठेवूच नये. ताक पितळेत कळकते तसे पितळ चामड्यात हिरवे होते.

कायद्याची एक मेख आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या पद्धतीच्या शस्त्रांना सूट आहे खरी. पण दुरुस्ती करूनही जे चालणार नाही अशाच शस्त्राला. म्हणजे "जुनी आहे, परवाना कशाला?" हे चालत नाही. कोणी सुचवले की नळीला भोके पाडा, कटकट मिटेल. घासण्यापेक्षा ती तरी काय कमी नासधूस? परवाना घ्यावा हेच बरे. शहरात पोलीस आयुक्तांची कचेरी, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून १९७२ चा पुरावस्तू कायदाही तिला लागतो. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून ती पाठवता येणार नाही.

मेहुणे दोन दिवस घुम्यासारखे होते. दिवाणखान्याचा मोह सहजी सुटत नाही. शेवटी आप्पाच झोपाळ्यावरून म्हणाले, "पट्टी काढलीस तर बंदूक हितंच राहील, आणि परवानाही."

अर्ज गेला आहे. बंदूक पुण्याला आली तरी भिंतीवर नाही, कुलपाच्या कपाटात राहायची आहे. भिंतीसाठी तिचा मोठा फोटो काढून घेतला आहे. फोटोग्राफर मुकुटाची बाजू वर ठेवू पाहत होता. मेहुण्यांनी बंदूक उलटी करून पट्टीचा जोड वर आणला.