कार्यकारणभावाचा भंग ही आनंदवार्ता नव्हे

उच्चमितीय गुरुत्वसिद्धांतात कार्यकारणभावाचा भंग होतो, असे एखाद्या शोधनिबंधात आले, की आपल्या विज्ञानवार्तांत लगेच ‘कालप्रवास’ हा शब्द झळकतो. मूळ निबंधाचे म्हणणे मात्र नेमके उलट असते. भंग हा त्या सिद्धांताचा पराक्रम नव्हे. तो त्याच्याविरुद्धचा पुरावा असतो.

उदाहरण पाहा. चार मितींत आइन्स्टाइनच्या समीकरणांना फारसा पर्याय उरत नाही, हे लव्हलॉक यांनी १९७१ मध्ये दाखवले. पाच किंवा अधिक मितींत मात्र ‘गाउस-बॉने’ पदाची भर घालता येते आणि समीकरणे द्वितीय क्रमाचीच राहतात. वरकरणी सारे निर्दोष! परंतु २०१४ मध्ये हुआन माल्दासेना आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या पदाची परीक्षा घेतली. सूर्याजवळून जाणाऱ्या संकेताला विलंब होतो, हे शपिरो यांचे १९६४ चे भाकीत. गाउस-बॉने सिद्धांतात मात्र पुरेशा लहान अंतरावर विशिष्ट ध्रुवणाचा ग्रॅव्हिटॉन उशिरा पोहोचण्याऐवजी लवकर पोहोचतो. अशा घटना एकापुढे एक जुळवल्या, तर संकेत निघण्यापूर्वीच परत येईल. यावर इलाज एकच: तंतुसिद्धांतात असते तशी, उच्च फिरकीच्या जड कणांची अनंत मालिका. ती नसेल, तर सिद्धांत बाद.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शिराज मिनवाला आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. विखुरण्याची तीव्रता ऊर्जेबरोबर किती वेगाने वाढू शकते, याला त्यांनी मर्यादा सुचवली. ती मान्य केली, तर सहा मितींपर्यंत चार ग्रॅव्हिटॉनांच्या आइन्स्टाइनप्रणीत गणितात एकही बहुपदी भर टिकत नाही. ही मर्यादा अटकळ आहे, सिद्धता नव्हे. आणि तसे त्यांनी स्पष्टपणे म्हटलेही आहे.

‘रंजकतेमुळेच विद्यार्थी विज्ञानाकडे वळतात,’ असा बचाव केला जाईल. पण ‘कारण आधी, परिणाम नंतर’ एवढ्याच अटीवर, कोणत्याही त्वरकाच्या आवाक्याबाहेरचे सिद्धांत कागद-पेन्सिलीने निकालात निघतात, याहून रंजक काय असणार? कालप्रवासाच्या आमिषाने आलेला विद्यार्थी नियम मोडण्यालाच शोध समजू लागतो. मग अशक्याची जाहिरात आणि अशक्यतेची सिद्धता यांतला फरक त्याला कोण शिकवणार?

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांकडे मागणी एवढीच: सिद्धांत का कोसळला, ते सांगा.