चित्र आमच्या पोरांचं, अर्थ लावणारे कोण?

मुलांसाठी ॲप, टॅबलेट, रोबो बनवणारे संशोधक हल्ली मुलांच्या हाती कोरा कागद आणि खडू देतात. तुला हवा तसा कॉम्प्युटर काढ म्हणतात. मग चित्रांतल्या वस्तू मोजतात, त्यांना कोड लावतात आणि 'मुलांना काय हवे' ते ठरवतात. मुलांना विचारतात, याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, की चित्र वाचतो कोण?

चित्रावरून पोरं मोजण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेच्या फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली माणसाच्या चित्रावरून मुलाची बुद्धी मोजणारी चाचणी आणली. ५१ मुद्दे, त्यात कपड्यांनाही गुण! त्याच वर्षी त्यांनी वेगवेगळ्या वंशांच्या शाळकरी मुलांच्या बुद्धीची तुलनाही छापली. १९५० मध्ये डेल हॅरिस यांच्यासोबत लिहिताना त्यांनीच कबूल केले, की संस्कृतीपासून मुक्त चाचणी हा भ्रम आहे. त्या जुन्या अभ्यासाबद्दल माफीही मागितली. चोवीस वर्षांनी!

आजचे हे संशोधक बुद्धी मोजतो असे म्हणत नाहीत, 'रस' आणि 'गरज' मोजतात. समजा, वस्तीतल्या मुलीने फोन बापाच्या हातात काढला आणि स्वतःला दूर कोपऱ्यात. कोडर लिहिणार, तंत्रज्ञानात रस कमी. घरात एकच फोन आहे आणि तो बापासोबत सकाळी कामावर जातो, हे कुठल्या कोडात बसते? पोरीने तर हुबेहूब वास्तव काढले.

यावर उत्तर तयार असते. दोन कोडर स्वतंत्रपणे कोड लावतात आणि त्यांचे किती जुळते याचा आकडा काढतात. अहो, दोघेही एकाच आळीतून, एकाच शाळेतून आले असतील तर जुळणारच! त्या आकड्याने कोडर एकसारखे आहेत एवढेच सिद्ध होते.

मेरीलँड विद्यापीठात ॲलिसन ड्रुइन यांनी मुलांना डिझाइनमध्ये भागीदार केले, ती वाट बरी. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे हेच मांडले होते, की नुसत्या मतांचे प्रतिनिधित्व पुरत नाही, माणसेही तिथे असली पाहिजेत.

म्हणून आमची मागणी आहे: मुलीचे बोलणे तिच्याच शब्दांत चित्राशेजारी लिहा. कोड लावायला वस्तीतली माणसे घ्या, मानधन देऊन. लावलेला अर्थ छापण्याआधी तिला दाखवा. ती 'नाही' म्हणाली तर तेही छापा. आणि डिझाइन, कॉम्प्युटर शिकणाऱ्या आमच्या पोरापोरींनो, पुढच्या वेळी कुणी वस्तीत खडू वाटायला आले, की कोडांची यादी आधी मागून घ्या.