उरलेल्या लोकरीचा बहावा

थंडी सरली की स्वेटर पेटीत जातात आणि त्यांच्यासोबत उरलेल्या लोकरीचे लहानमोठे गुंडेही. एकेकटा कशाला पुरत नाही आणि टाकवतही नाही. आम्ही त्यांची शाल विणायला घेतली, तेव्हा घरची लेक म्हणाली, "ठिगळांचं मी पांघरणार नाही." तिचे काही चुकले नाही. आपल्या आया-आज्यांनी ठिगळे हौसेने लावली नव्हती.

मग रंग तिलाच निवडायला लावले. तुळशीबागेतल्या दुकानातून नव्हे, पुण्यातल्या झाडांवरून. उन्हाळ्यातला बहावा : पिवळा आणि कोवळा हिरवा. फेब्रुवारी-मार्चचा पांगारा : लाल फूल, पान नाही, म्हणून जोडीला राखी. जूनचे जांभूळ : जांभळा आणि गर्द हिरवा. एका चौकोनात दोनच रंग.

गुंडे कमीजास्त जाडीचे असतात. टाके मोजून चौकोन सारखे येत नाहीत. म्हणून कोपऱ्यापासून सुरुवात करा. 10 नंबरच्या सुईवर 2 टाके घाला. सगळ्या ओळी सुलट विणा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 1 टाका वाढवा. तिरपी कड 6 इंच भरली की रंग बदला. आता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 2 टाके एकत्र विणा. शेवटचे 2 टाके उरले की बंद करा. असे 36 चौकोन, सहाच्या सहा रांगा, की 36 इंचांची शाल झाली.

एक काळजी घ्या. खरी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही मिसळली तर शाल चुरमडते. शंका असल्यास धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. हे काम मुलांपासून दूर करा.

राहिला ठिगळांचा प्रश्न. मगधातली बांधांनी आखलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला भिक्खूंचे चीवर तशाच तुकड्यांचे करायला सांगितले, असे विनयपिटकात आहे. ठिगळ नाइलाजाने लागते. हे तुकडे योजून जोडलेले असतात. लेकीला आम्ही एवढेच सांगितले.

पहिला चौकोन तिनेच विणला, बहाव्याचा. अजून बरेच बाकी आहेत. पण शाल कोणाची, हे तिने आताच सांगून ठेवले आहे.