खुब्याची झीज : वय नव्हे, हाल पाहा

झिजेचा संधिवात म्हणजे म्हातारपण, असे आपण धरून चालतो. चाळिशीतला माणूस लंगडू लागला की घरचे म्हणतात, 'एवढ्यात कसला वात?' पण जन्मतः निखळलेला खुबा, जुना अपघात किंवा रक्तपुरवठा तुटून मृत झालेले हाड यांमुळे तरुणपणीही खुबा झिजतो. दुखते जांघेत, कधी गुडघ्यात. म्हणून निदान लांबते. वेळीच एक्स-रे काढावा. वजन आटोक्यात ठेवावे, काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी.

एवढ्याने भागले नाही तर? 'साठीनंतर बघू' हा सल्ला आम्हाला पटत नाही. कृत्रिम खुबा आज बहुतेकदा २० वर्षे टिकतो. तरुणाला पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हे खरे; पण झोप आणि रोजगार गमावून उमेदीची वर्षे का घालवावीत?