नवी आवृत्ती केव्हा स्वीकारावी? चार घटना आणि एक मत

१/ क्लाउड चालवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकट्याच्या बळावर उभे नसते. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० साली सुरू केलेला ओपनस्टॅक प्रकल्पही इतरांनी लिहिलेल्या असंख्य पॅकेजेसवर उभा आहे. त्यांतील एखाद्याची नवी आवृत्ती आली, की ती लगेच घ्यावी की थांबावे? ‘नवे तेच सुरक्षित’ आणि ‘चालते त्याला हात लावू नये’ ही दोन्ही उत्तरे इतिहासाने खोटी ठरवली आहेत.

२/ ७ एप्रिल २०१४. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ त्रुटी जाहीर झाली. कोणाही परक्याला सर्व्हरच्या मेमरीचे तुकडे वाचता येत होते. त्यांत पासवर्डही असू शकत. ही त्रुटी मार्च २०१२ मधील १.०.१ आवृत्तीसोबत आली होती. जुन्या ०.९.८ वर थांबलेले तिच्यापासून बचावले.

३/ ओपनएसएसएलने १.०.१जी ही सुधारित आवृत्ती दिली. डेबियन ७ ने मात्र आपली १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून केवळ दुरुस्ती तीत बसवली. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. आकडा जुना, पण भगदाड बुजलेले! नुसता आकडा पाहून पॅकेजची पारख करणे म्हणजे मुखपृष्ठावरील साल पाहून ग्रंथाची विश्वासार्हता ठरवणे होय.

४/ ७ मार्च २०१७. अपाची स्ट्रट्समधील गंभीर त्रुटीची दुरुस्ती उपलब्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या एका पोर्टलवर ती बसवलीच गेली नाही. मे महिन्यात घुसखोर शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली. हे थांबणे सावधपणाचे नव्हते. ती हयगय होती.

५/ २९ मार्च २०२४. फाइल आकुंचित करणाऱ्या एक्सझेड पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा असल्याचे जाहीर झाले. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड यांनी माग काढला म्हणून तो सापडला. डेबियनची स्थिर शाखा वाचली. चाचणी शाखेत मात्र विष पोहोचले होते.

६/ मग सारा भार पॅकेज बांधणाऱ्यांवर टाकावा काय? तेही चुकतात. २००६ साली डेबियनने ओपनएसएसएलमध्ये केलेल्या स्वतःच्या बदलामुळे गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येऊ लागल्या. हे उघड झाले मे २००८ मध्ये.

७/ म्हणून निर्णय आकड्यावर नव्हे, बदलाच्या हेतूवर व्हावा. ज्ञात भगदाड बुजवणारी दुरुस्ती तपासून तातडीने बसवावी. केवळ नव्या सोयी आल्या असतील, तर काही आठवडे जाऊ द्यावेत. दोन्ही एकाच आवृत्तीत बांधून आल्या, तर बॅकपोर्टचा मार्ग आहेच.

८/ ओपनस्टॅकच्या स्थिर शाखांत एकत्र तपासलेल्या आवृत्त्यांची यादी बहुतांशी गोठवलेली असते. ती जुळणीची हमी देते, सुरक्षेची नव्हे. ती जबाबदारी वितरक आणि क्लाउड चालवणारे यांची. थांबायचे ठरले, तर त्याचे कारण आणि फेरविचाराची तारीख लिहून ठेवावी. अशी नोंद नसेल, तर थांबणे आणि विसरणे यांत फरक उरत नाही.