लावणीतला ताप, दिवाळीतला डोळा

कोकणात भाताची लावणी होते ती गुडघाभर चिखलात, पायांवर ओरखडे घेऊन. त्याच पाण्यात उंदरांचं आणि गुरांचं मूत मिसळलेलं असतं. लेप्टोचा ताप येतो, उतरतो, माणूस पुन्हा कामाला लागतो. डोळा मात्र दिवाळीत, कधी त्याहूनही उशिरा भडकतो.

गेल्या मार्गशीर्षात असाच एक शेतकरी आमच्याकडे आला. ‘डोळे आलेत’ म्हणून तीन आठवडे अँटिबायोटिकचे थेंब घालत होता. चिपडं नव्हती, नजर मात्र धूसर. स्लिट लॅम्पखाली पाहिलं तर कॉर्नियामागे तळाशी हायपोपियॉनची पांढरी रेघ, आणि व्हिट्रियसमध्ये पडद्यासारखे लोंबते पापुद्रे. कोरॉइडवर एकही चट्टा नाही. पूर्वी काही आजार? तो म्हणाला, नाही. शेजारी उभी असलेली बायको म्हणाली, “लावणीत ह्यांना ताप नव्हता का? पोटऱ्या धरून बसले होते.” तिच्या त्या एका वाक्याने आमच्या तपासाची दिशा ठरली.

1993च्या पुरानंतर, 1994 मध्ये, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात युव्हिआयटिसच्या रुग्णांची रीघ लागली. डॉ. एस. आर. रथिनम आणि सहकाऱ्यांनी पीसीआरने त्यामागचा लेप्टोस्पायरा दाखवून दिला. मुंबईनेही 26 जुलै 2005 नंतर लेप्टोची साथ पाहिली. तापाच्या रुग्णांची मोजदाद झाली. पण पुढे काही महिन्यांनी लाल डोळा घेऊन आलेल्यांना पुराच्या पाण्याबद्दल कुणी विचारलं?

आपल्याकडे युव्हिआयटिस म्हटलं की टीबीचा संशय आधी येतो, आणि तो यायलाच हवा. हायपोपियॉन दिसला की एचएलए-बी27 आणि बेहचेटही आठवतात. लेप्टो मात्र यादीत खाली राहतो, आणि याचंच मला दुःख आहे, कारण वेळेवर स्टिरॉइड मिळालं तर यातल्या बहुतेकांची नजर परत येते. उशिरा भडकलेल्या डोळ्यात अँटिबायोटिकचा उपयोग किती, यावर अजून एकमत नाही. मॅट चाचणीचा आकडाही जपून वाचावा लागतो. लेप्टो नेहमीचाच असलेल्या भागात जुन्या संसर्गाच्या अँटिबॉडीज रक्तात रेंगाळलेल्या असू शकतात. म्हणून रुग्णाची हकिकतच मोलाची.

आमच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याखाली आता तीन प्रश्न छापले आहेत: पावसाळ्यात ताप आला होता का, पोटऱ्या दुखल्या होत्या का, पाण्यात किंवा गोठ्यात काम केलं होतं का. ते सोबत आलेल्या माणसालाही विचारायचे, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे.