पास मिळाला, पण गाडी कधीची?

जून उजाडला की पेपरात दोन फोटो हमखास दिसतात. एकात पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल हातात घेऊन शाळेत शिरणारी मुलं असतात. दुसऱ्यात एसटीच्या नाहीतर जीपच्या दारात लोंबकळणारी मुलं. पहिल्याखाली ‘प्रवेशोत्सव’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याखाली ‘जीवघेणा प्रवास’. दोन दिवस चर्चा होते आणि मग विषय पुढच्या जूनपर्यंत थांबतो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अकरावी-बारावी अशाच गाडीला लटकून काढली आहे. काही जण आजही सकाळच्या पहिल्या एसटीने कॉलेजला येतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण तो नेमका अडतो कुठे, हे मात्र नीट बघायला हवं. कारण योजना नाहीत असं अजिबात नाही. उलट भरपूर आहेत.

आधी एक साधी गोष्ट. ‘मुलांना शाळेत सोडायला गाडी’ ही सोय देशात फार थोड्यांकडे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार चारचाकी असलेली कुटुंबं शंभरात दहासुद्धा नाहीत. बाइक निम्म्या घरांत आहे, पण ती सकाळी बाबांबरोबर कामावर जाते. म्हणजे बाकीची मुलं चालत, सायकलने, एसटीने, रिक्षाने किंवा वडापने शाळेत जातात. अपवाद घरच्या गाडीने जाणाऱ्यांचा आहे. तरीही सगळं नियोजन असं होतं, जणू मूल शाळेच्या दारापर्यंत आपोआप पोचणारच आहे.

कायदा किलोमीटर मोजतो

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ‘शेजारची शाळा’ ही कल्पना आणली. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. जिथे हे शक्य नाही, तिथे वाहतुकीची सोय किंवा भत्ता द्यायचा. कागदावर हे चांगलंच आहे.

पण हा कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. आठवी झाली की हक्क संपतो, आणि खरं अंतर तिथूनच सुरू होतं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. हायस्कूल बाजाराच्या गावात, ज्युनिअर कॉलेज तालुक्याला. पोरगी चौदा-पंधरा वर्षांची होते, तेव्हाच शाळा दहा-बारा किलोमीटर लांब जाते. त्याच वयात घरात ‘एकटीला कसं पाठवायचं?’ हा प्रश्न सुरू होतो. या दोन गोष्टी एकाच वेळी याव्यात, हे मुलींच्या शिक्षणाचं मोठं दुखणं आहे.

आता राज्य सरकार काय देतं ते बघू. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. बाकी विद्यार्थ्यांना पासात जवळपास दोन तृतीयांश सवलत आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी खास निळ्या बस सुरू झाल्या. याच कार्यक्रमात शाळेजवळच्या गावांतल्या मुलींना सायकली मिळतात. समग्र शिक्षा योजनेत वर्षाला ६ हजार रुपयांपर्यंत वाहतूक खर्चाची तरतूद आहे, आणि २०२१ मध्ये ती माध्यमिक वर्गांपर्यंत वाढवली गेली.

एवढं सगळं आहे. मग अडतं कुठे?

पास हातात, गाडी वाटेत

एक उदाहरण मनातच मांडून बघा. गाव हायस्कूलपासून अकरा किलोमीटरवर आहे. शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. गावात सकाळची एसटी सव्वासातला आहे, त्यानंतरची थेट सव्वाअकराला. परतीची गाडी एक साडेतीनला, दुसरी साडेसातला. मुलीकडे मोफत पास आहे. सरकारी नोंदीत ती ‘लाभार्थी’ आहे. प्रत्यक्षात तिला एकतर शाळेच्या ओट्यावर अडीच तास बसून राहायचंय किंवा रोज पहिला तास बुडवायचाय. आणि संध्याकाळी? शेवटचे दोन तास सोडून पळायचं, नाहीतर अंधारात घरी यायचं.

यातलं दुसरं घरच्यांना चालत नाही. मग उरतो वडाप, नाहीतर काळीपिवळी. एका बाजूचे वीस रुपये धरले तरी दिवसाचे चाळीस आणि महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे हजार रुपये होतात. सरकारी तरतूद वर्षाला ६ हजारांची, म्हणजे महिन्याला पाचशे. घरात दोन मुलं असतील तर कुणाच्या प्रवासाला पैसे काढायचे, याचा निर्णय होतो. तो बहुतेक वेळा कुणाच्या विरोधात जातो, हे सांगायला नको.

मुलगा असेल तर आणखी एक वाट निघते. बाबांची बाइक. सोळा वर्षांचा पोरगा, मागे दोन मित्र, लायसन्स नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी गावोगाव हे चालतं, कारण पहिला तास साडेदहाला असतो आणि गाडी सव्वाअकराला.

म्हणजे मुद्दा फक्त पैशांचा नाही आणि नुसत्या अंतराचाही नाही. मुद्दा वेळेचा आहे. सरकार पास मोजतं. किती मुलींना पास दिले, हा आकडा अहवालात येतो. शाळा भरायच्या अर्धा तास आधी गाडी पोचली का आणि सुटल्यावर अर्ध्या तासात परत निघाली का, हे मोजायला रकानाच नाही. जे मोजलं जात नाही, त्याची काळजी कुणी घेत नाही.

फेरी रद्द का होते?

इथे ड्रायव्हर-कंडक्टरवर राग काढून उपयोग नाही. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यातल्या मुलांना शाळेत नेणारं सगळ्यात मोठं वाहन तीच आहे. पण आगाराचं गणित वेगळं असतं. आगार व्यवस्थापकाला किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं, याचा हिशोब द्यावा लागतो. शाळेच्या फेरीत गाडी खच्चून भरलेली असते, पण सगळे पासवाले. रोख पैसा जवळपास शून्य. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला द्यायची असते आणि ती थकते, ही महामंडळाची जुनी तक्रार आहे.

त्यात गाड्या कमी आणि आहेत त्या जुन्या. एक गाडी वाटेत बंद पडली की लांब पल्ल्याची फेरी वाचवायला गावाची फेरी रद्द होते. आषाढी वारीला पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या लागतात, गणपतीला कोकणात तेच. या गाड्या आकाशातून पडत नाहीत, वेगवेगळ्या आगारांतून काढल्या जातात. आषाढी येते जून-जुलैत, म्हणजे शाळा नुकत्या सुरू झालेल्या असतात. वारकऱ्याला गाडी मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या आठवड्यात कुठल्या गावची शाळेची फेरी बंद राहिली, हे कोणी जाहीर करतं का?

एसटी थांबली की काय होतं, हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. कोविडनंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. त्याच महिन्याच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. संपामागच्या मागण्या खऱ्या होत्या. पण दीड वर्ष शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी शाळा उघडली आणि तिथे जायची गाडी बंद झाली. त्या वर्षी शाळेचे दरवाजे उघडे होते, एवढंच म्हणता येईल.

बिहारची सायकल काय सांगते?

२००६ मध्ये बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलं-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यात दिसलं. परिणाम सगळ्यात जास्त कुठे? जिथे शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे.

सायकलीत असं काय होतं? तिला वेळापत्रक नसतं. शाळा सुटली की निघता येतं. शिवाय गावातल्या सगळ्याच मुलींना सायकल मिळाल्याने त्या घोळक्याने जाऊ लागल्या. एकटीची भीती कमी झाली. थोडक्यात, वेळ मुलींच्या हातात आली.

आता हेच महाराष्ट्रात जसंच्या तसं चालेल का? सपाट भागात, चार-पाच किलोमीटरपर्यंत, नक्की. पण घाटातल्या गावाला, कोकणातल्या जुलैच्या पावसात किंवा बारा किलोमीटरवरच्या शाळेला सायकल पुरणार नाही. तिथे बसच लागते, आणि ती सायकलीइतकी भरवशाची असायला लागते.

शाळा हलली तर?

हा प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. तेव्हाच्या आकडेवारीनुसार अशा शाळा १४ हजार ७८३ होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांहून जास्त मुलं शिकत होती. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांची नावं पुढे आली. शिक्षक संघटना आणि पालकांकडून जोरदार विरोधही झाला.

समूह शाळेच्या बाजूने मुद्दे आहेत. सात मुलांच्या शाळेत खेळायला टीम होत नाही, एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान मिळू शकतं. हे सगळं मान्य. पण आज जे सहा वर्षांचं पोर वस्तीवरून चालत शाळेत जातं, ते उद्या रोज गाडीने जाणार. म्हणजे गाडी हा शाळेचाच एक वर्ग झाला. वर्गाचं छत गळलं तर शाळा चालवता येत नाही, तशी गाडी आली नाही तर शाळा भरली असं म्हणता येणार नाही. पहिली-दुसरीतल्या मुलांसाठी या गाडीची हमी आधी, मग शाळा हलवायची चर्चा. क्रम हाच हवा.

शहरात सगळं ठीक आहे?

नाही. शहरात ‘रिक्षावाले काका’ आहेत, व्हॅन आहेत, स्कूल बस आहे. पण तिथे ही सगळी पालकांची खासगी सोय झालीय, जो तो आपापल्या खिशाप्रमाणे. २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तुमच्या जुन्या शाळेत ती होती का, आठवून बघा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. हेतू चांगला होता, लहान मुलांची झोप व्हावी. पण लगेच स्कूल बसवाल्यांनी हात वर केले. एकच गाडी सकाळी दोन खेपा करते, वेळ बदलली की खेपा जुळत नाहीत, आणि नऊला रस्ते तुंबलेले असतात. शाळेची घंटा आणि गाडीची वेळ या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांच्या असल्या तरी मुलासाठी त्या एकच आहेत, हे त्या गोंधळातून दिसलं.

मग करायचं काय?

मागणी एका वाक्यात बसते. पासाबरोबर फेरीची हमी द्या. प्रत्येक आगाराने शाळेच्या फेऱ्यांची वेगळी यादी लावावी, ती फेरी शाळेच्या वेळेला जोडलेली असावी, आणि रद्द झालेल्या प्रत्येक फेरीची नोंद दर महिन्याला शाळेत लागावी. त्या फेरीचे पैसे आगाराला उत्पन्न बघून नाही, तर फेरी वेळेवर केली म्हणून मिळावेत. म्हणजे गाडी कमी पडली की पहिली कुऱ्हाड शाळेच्या फेरीवर पडणार नाही.

आणि आपण? एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर बहुतेकांनी केलेलं असतं. या वेळी रस्ता झाडण्याबरोबर एक वही करा. गावात शाळेची गाडी किती वाजता यायला हवी, किती वाजता आली, किती मुलं चढली, किती मागे राहिली. शिबिर संपलं की ती वही गावातल्याच आठवी-नववीच्या पोरांच्या हाती द्या. महिनाभराची नोंद झाली की शाळा व्यवस्थापन समितीचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडून ती आगार व्यवस्थापकाकडे न्या. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्यात आपल्या आगारातल्या रद्द झालेल्या शालेय फेऱ्यांची संख्या मागा. उत्तर तीस दिवसांत देणं बंधनकारक आहे.

‘गाडी वेळेवर येत नाही’ ही तक्रार झाली. ‘जुलैत सव्वीस दिवसांपैकी अकरा दिवस आली नाही’ असं तारखेनिशी लिहिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. २०२४ मध्ये मुलींच्या व्यावसायिक उच्च शिक्षणाची फी सरकारने उत्पन्नाची अट घालून माफ केली, हे चांगलंच झालं. पण त्या फीमाफीपर्यंत पोचायला मुलीला आधी नववी, दहावी, बारावी पार करायची आहे. त्यासाठी रोज साडेनऊला थांब्यावर एक गाडी यायला हवी, एवढंच.